गळकें छप्पर आणि भाडेकरूचा हक्क



मृगाचा पाऊस सुरू झाला कीं मुंबईच्या जुन्या चाळींत दोन आवाज ऐकूं येतात. एक बाहेर पन्हाळींतून कोसळणाऱ्या पाण्याचा. दुसरा घरांत ठिकठिकाणीं मांडून ठेवलेल्या परातींत, पातेल्यांत व बालद्यांत टपटपणाऱ्या थेंबांचा. पहिल्या आवाजावर कवींनीं पुष्कळ लिहिलें आहे. दुसऱ्याचा इतिहास मात्र कायद्यांच्या कलमांत, कोर्टाच्या दप्तरांत आणि भाड्याच्या पावत्यांच्या पाठीवर केलेल्या हिशेबांत विखुरलेला आहे. तो गोळा करून आज आपणांपुढें ठेवावा असा माझा विचार आहे.

मी वकील नव्हे. पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना इतिहास शिकविला आणि त्याहून अधिक वर्षें भाड्याच्या खोलींत काढलीं, एवढाच माझा अधिकार. प्रश्न साधा आहे. छप्पर गळतें, जिन्याची पायरी निखळली आहे, भिंतीला ओल आली आहे, असें घरमालकाला वारंवार सांगूनहि तो तिकडे लक्ष देत नाहीं. अशा वेळीं भाडेकरूनें काय करावें? या प्रश्नाला आपल्या कायद्यानें निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत, आणि प्रत्येक उत्तराच्या मागें त्या त्या काळाची अडचण उभी आहे.

घर भाड्यानें देण्याघेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, भाडें भरणाऱ्या बिऱ्हाडकरूस घराबाहेर काढणाऱ्या मालकाला बारा पणांचा दंड सांगितलेला आहे. आणि बिऱ्हाडकरू आपण होऊन घर सोडून गेला तर वर्षाचें उरलेलें भाडें त्यानें द्यावें, असेंहि म्हटलें आहे. तेव्हां घरधनी व बिऱ्हाडकरू यांच्या तंट्यांत राजसत्तेनें लक्ष घालावें, ही कल्पना आपणांस परकी नव्हे. परंतु आजच्या कायद्याचा प्रवाह तेथून आलेला नाहीं. तो इंग्रजी अमदानींत सुरू होतो.

१८८२ सालीं मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. त्याच्या १०८ व्या कलमांत मालक व पट्टेदार यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्यानें सूचना मिळाल्यावर वाजवी मुदतींत केली नाहीं, तर पट्टेदारानें ती स्वतः करावी आणि खर्च व्याजासह भाड्यांतून वळता करून घ्यावा, अशी तेथें सोय आहे. वाचावयास हें मोठें न्याय्य वाटतें. परंतु मेख 'बांधलेला आहे' या शब्दांत होती. मालक बांधला जावयाचा तो करारानें. करार नसेल तर भाड्यानें दिलेलें घर दुरुस्त ठेवण्याचें बंधन इंग्रजी न्यायपरंपरा त्याच्यावर सामान्यतः घालीत नसे. आणि कोंकणांतून किंवा घाटावरून गिरणींत कामास आलेला मनुष्य, दहा बाय बाराच्या खोलीसाठीं, कोणत्या शेटजीकडून दुरुस्तीचा करार लिहून घेणार होता? हक्क पुस्तकांत होता. तो वापरण्याची ऐपत चाळींत नव्हती.

दुसरा उपाय नगरपालिकेचा. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यांतील ३५४ वें कलम आजहि जुन्या चाळींतल्या लहान मुलांना तोंडपाठ असतें. इमारत पडण्याच्या बेतांत असेल तर ती पाडा, टेकू देऊन सुरक्षित करा किंवा दुरुस्त करा, असें लेखी फर्मावण्याचा अधिकार आयुक्तांना या कलमानें दिला. पण येथें भाडेकरूची कुचंबणा होते. तक्रार करावी तर अधिकारी येऊन इमारतच रिकामी करा म्हणतील ही भीति. न करावी तर एखाद्या रात्रीं छप्पर अंगावर येईल ही भीति. शंभर वर्षें होऊन गेलीं तरी ही कुचंबणा पुरती संपलेली नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेगचा उद्भव झाला आणि घरांची दुरवस्था हा खासगी प्रश्न राहिला नाहीं. अंधाऱ्या, ओलसर, दाटीवाटीच्या खोल्या या साऱ्या शहराच्या आरोग्याला घातक आहेत हें सरकारला कळून चुकलें. १८९८ सालीं मुंबईची सुधारणा करणारा ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानानें नव्या खोल्या लौकर उभ्या राहिल्या नाहींत, आणि उरलेल्या चाळींत गर्दी वाढली. ज्या शहरांत एका खोलीमागें दहा गिऱ्हाइकें उभीं असतात तेथें मालकाला दुरुस्तीची घाई नसते; नाराज भाडेकरू गेला तर दुसरा तयारच असतो.

पुढें पहिल्या महायुद्धांत भाडीं बेसुमार वाढूं लागलीं, तेव्हां १९१८ सालीं मुंबई सरकारनें भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं, १९३९ सालीं, व पुन्हा १९४४ सालीं असेच कायदे झाले. या साऱ्यांची परिणति १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यांत झाली. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. त्यानें भाडें सर्वसाधारणपणें १ सप्टेंबर १९४० रोजीं होतें तेथें गोठविलें. आणि त्याच्या २३ व्या कलमानें, विरुद्ध करार नसेल तर, घर राहण्याजोगें दुरुस्त ठेवणें हें प्रत्येक मालकाचें कर्तव्य ठरविलें. १८८२ च्या कायद्यांतील मेख अशी निघाली. भाडेकरूंनीं, एकट्यानें किंवा मिळून, निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. मालकानें वाजवी मुदतींत काम न केल्यास तें स्वतः करून घ्यावें, खर्च भाड्यांतून वळता करावा, आणि त्यांनीं ठेवलेला पावत्यांसहित हिशेब मालकावर बंधनकारक व्हावा, अशी तरतूद झाली.

हें कलम कसें उपयोगीं पडतें, आणि तें सोडून चालणाऱ्याची काय गत होते, हें मीं पुस्तकांत वाचण्याच्या आधीं डोळ्यांनीं पाहिलें. १९७४ सालचा पावसाळा होता. गिरगांवांतील एका चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड होतें. वडील एका छापखान्यांत जुळारी होते. खोलीचें भाडें महिना १८ रुपये. मंगळुरी कौलांखालची लांब तुळई कुजली होती आणि ती सहाहि खोल्यांवरून गेलेली असल्यामुळें सहाहि घरांत पाणी ठिबकत असे. भाडें घ्यावयास येणारा मेहता दरमहा 'शेठना सांगतों' असें म्हणे, पावती फाडी आणि जिना उतरे.

शेजारच्या खोलींतले गृहस्थ स्वभावानें ताठ व मनानें सरळ. 'छप्पर नाहीं तर भाडें नाहीं,' असें त्यांनीं मेहत्याला दारांतच सुनावलें आणि त्या दिवसापासून भाडें बंद केलें. आम्हां मुलांना त्यांचा मोठा अभिमान वाटला. वडिलांचा मार्ग त्यामानानें अगदींच भित्रा दिसत होता. त्यांनीं कोर्टांत नोकरी केलेल्या एका ओळखीच्या वृद्ध गृहस्थांचा सल्ला घेतला, पांच भाडेकरूंच्या सह्यांचें पत्र तयार केलें, तुळई कोठें कुजली आहे व कौलें किती फुटलीं आहेत हें त्यांत नीट लिहिलें, आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन तें रजिस्टर टपालानें धाडलें. मधल्या काळांत भाडें नियमित दिलें. मुदत सरली, उत्तर आलें नाहीं. आणखी एक पत्र गेलें. मग पावसाची उघडीप पाहून सुतार आणला, तुळई बदलली, कौलें चाळलीं. खर्च ८४० रुपये झाला. खिळ्यांच्या पुड्यापासून सुताराच्या मजुरीपर्यंत प्रत्येक पावती एका वहींत चिकटवून तिच्यापुढें रक्कम लिहिण्याचें काम मजकडे होतें. मी त्या वेळीं चौदा वर्षांचा होतों.

पांच बिऱ्हाडांच्या वांट्यास प्रत्येकीं १६८ रुपये आले. दरमहा सहा रुपये कापून वडील बारा रुपये देऊं लागले. मेहत्यानें ते नाकारले. वडिलांनीं मनीऑर्डर केली. ती परत आली. परत आल्याचा कागदहि वहींत गेला. असें कांहीं महिने चाललें आणि मग मालकानें मुकाट्यानें तेंच भाडें स्वीकारलें.

शेजारच्या गृहस्थांचें मात्र तसें झालें नाहीं. आठ महिन्यांचें भाडें थकल्यावर त्यांना मालकाच्या वकिलाची नोटीस आली. आपली बाजू सत्याची आहे, मग उत्तर कशास द्यावें, असें त्यांना वाटलें आणि महिना उलटून गेला. खटला लघुवाद न्यायालयांत चालला. छप्पर गळत होतें हें साऱ्या मजल्यानें शपथेवर सांगितलें. कोणीं तें नाकारलेंहि नाहीं. परंतु भाड्याच्या रकमेविषयीं वाद नाहीं, थकबाकी सहा महिन्यांहून अधिक, आणि नोटिशीनंतर एक महिन्यांतहि ती भरलेली नाहीं, अशा स्थितींत ताब्याचा हुकूम देण्यावांचून दुसरी वाट त्या वेळच्या कायद्यानें न्यायाधीशाला ठेवलेली नव्हती. दुरुस्तीची लेखी मागणी त्यांनीं कधींच केलेली नव्हती. कांहीं वर्षांनीं एका सकाळीं त्यांचें सामान हातगाडीवर चढलें. ज्या छपरावरून तें भांडण झालें तें तोंपर्यंत आम्हीं दुरुस्त केलेलें होतें. त्यांच्या खोलींत पाण्याचा थेंबहि पडत नव्हता.

या दोन वाटांतला फरक मीं पुढें वर्गांत पुष्कळदां सांगितला. भाडें बंद करणें आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यांतून कापणें हीं वरवर सारखीं दिसतात. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

परंतु इतिहास सांगावयाचा तर मालकाचीहि बाजू सांगितली पाहिजे. १९४० चें भाडें गोठलें. पण चुना, लाकूड, सिमेंट, मजुरी आणि कर हीं गोठलीं नाहींत. ज्या इमारतीचें वर्षाचें भाडें तिच्या एका जिन्याच्या दुरुस्तीलाहि पुरत नाहीं, तिच्याविषयीं मालकाला आस्था राहत नाहीं. ती कोसळली तर जमीन तरी मोकळी होईल, असा हिशेब कोणी कोणी करूं लागतात. कायद्यानें एका हातानें दुरुस्तीचा हक्क दिला आणि दुसऱ्या हातानें त्या हक्काचें भांडवल, म्हणजे भाडें, आटवून टाकलें. भाड्यांतून खर्च कापण्याचा हक्क त्या भाड्याएवढाच मोठा असूं शकतो. आमच्या पांच बिऱ्हाडांना १६८ रुपये परत मिळण्यास अठ्ठावीस महिने लागले, आणि तें काम अवघ्या एका तुळईचें होतें. साऱ्या इमारतीच्या पायाचें काम निघतें तर दोन पिढ्याहि पुरल्या नसत्या.

साठ-सत्तर वर्षांच्या चाळी दर पावसाळ्यांत कोसळूं लागल्या तेव्हां राज्य सरकारला हें मान्य करावें लागलें कीं मालक व भाडेकरू या दोघांच्या हातून हें काम होणार नाहीं. १९६९ सालीं इमारतींची दुरुस्ती व पुनर्रचना करणाऱ्या मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवावा आणि त्या निधींतून मंडळानें मोठ्या दुरुस्त्या कराव्या अशी ही योजना. सुरुवातीस मुंबई शहरांतील १९,५०० हून अधिक इमारती तिच्या कक्षेंत आल्या. त्यांतील सर्वांत जुन्या वर्गाची सीमा १ सप्टेंबर १९४० हीच ठेवली गेली. ज्या दिवशीं भाडें गोठलें तीच तारीख इमारतीच्या वार्धक्याची खूण ठरावी, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. पुढें १९७६ च्या कायद्यान्वयें, ५ डिसेंबर १९७७ पासून, हें काम म्हाडाकडे आलें. मंडळानें पुष्कळ इमारती सावरल्या. परंतु दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा असे, ती ओलांडली कीं इमारत दुरुस्तीपलीकडची ठरे, आणि रहिवासी संक्रमण शिबिरांत जात. तेथें बिऱ्हाड मांडून बसलेल्यांपैकीं कित्येकांची एक पिढी तेथेंच म्हातारी झाली.

१९८६ सालीं आणखी एक पाऊल पडलें. इमारतींतील निदान ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेनें मागणी केल्यास मंडळानें ती इमारत संपादन करून संस्थेला द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी, अशी तरतूद झाली. मालकांच्या संघटनेनें तिला आव्हान दिलें. त्यांतून निघालेला घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढें गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं बहुमतानें असा निर्णय झाला कीं, खासगी मालकीची प्रत्येक वस्तु ही समाजाची साधनसंपत्ति मानतां येणार नाहीं. चाळीच्या गळक्या कौलांवरून निघालेला वाद राज्यघटनेच्या गाभ्यापर्यंत कसा जातो, याचें हें उदाहरण आहे.

मधल्या काळांत भाडें गोठविण्याचाहि निवाडा झाला होता. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें, इतक्या जुन्या दरानें भाडें बांधून ठेवणें आतां वाजवी उरलेलें नाहीं, असें मत दिलें. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा झाला व तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानें मालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढ दिली. दुरुस्तीचें जुनें २३ वें कलम यांत १४ वें कलम म्हणून आलें आहे. पंधरा दिवसांची नोटीस, भाडेकरूंनीं मिळून काम करणें, हिशेबाच्या पावत्यांना निर्णायक पुरावा मानणें, हें सर्व त्यांत आहे. मात्र एका वर्षांत कापावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असूं नये, अशी मर्यादा आहे. महिना २० रुपये भाड्याच्या खोलीचें वर्षाचें भाडें २४० रुपये. त्याचा चौथा हिस्सा ६० रुपये. त्यांत आज सिमेंटची एक गोणीहि येत नाहीं. म्हणून हें कलम लहान दुरुस्तीचें शस्त्र आहे; इमारत वांचविण्याचें नव्हे, हें ओळखून तें वापरावें.

आतां, आज ज्यांच्या घरांत पाणी ठिबकतें आहे त्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट, तोंडी तक्रारीवर विसंबूं नये. काय मोडलें आहे, कोठें मोडलें आहे, हें तारखेनिशीं लिहून पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टानें द्यावी, छायाचित्रें काढून ठेवावीं आणि शक्य तितक्या शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या. दुसरी गोष्ट, भाडें थांबवूं नये. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरीनें किंवा बँकेमार्फत धाडावें आणि नकाराचा पुरावा जपावा. नव्या कायद्यानें भाडेकरूला पूर्वीपेक्षां अधिक सवड दिली आहे: थकबाकीच्या नोटिशीनंतर ९० दिवस, आणि दावा लागल्यास समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सालीना १५ टक्के साध्या व्याजानें रक्कम कोर्टांत भरण्याची मुभा. तरीहि ही सवड चुकून मागें पडलेल्यासाठीं आहे, हट्टासाठीं नव्हे. तिसरी गोष्ट, पाणी, वीज, जिन्यावरचा दिवा, संडासाची सफाई यांसारखी आवश्यक सोय मालकानें तोडली किंवा रोखून धरली तर २९ व्या कलमाखालीं न्यायालयाकडे तडक दाद मागतां येते. तेथें पंधरा दिवस वाट पाहण्याचें कारण नाहीं. चौथी गोष्ट, तुळया, खांब, सज्जे यांना धोका दिसला कीं महापालिकेला, आणि उपकर भरणारी इमारत असल्यास दुरुस्ती मंडळालाहि लेखी कळवावें.

इमारत रिकामी करावी लागेल या भीतीनें कळविण्याचें टाळूं नये. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला आहे कीं, महापालिकेनें इमारत पाडली एवढ्यानें भाडेकरूचा हक्क संपत नाहीं. तो जमिनीवरहि टिकून राहतो. म्हणून घर सोडतांना भाडेपावत्या, वीजबिलें आणि खोलीच्या मोजमापाचा कागद बरोबर न्यावा. पुढें परत येण्याचा तोच आधार असतो. उलट, राहत राहिल्यास काय होतें हें आपण पाहिलें आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजीं माझगांवची इमारत कोसळून ६१ माणसें गेलीं. ती महापालिकेच्याच मालकीची होती व तींत बहुतेक तिच्याच नोकरांचीं कुटुंबें राहत होतीं. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील इमारतींत ३३ जण गेले. दोन्ही वेळां पावसाळाच होता.

ज्या तरुण कुटुंबांनीं अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर जागा घेतली आहे त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मीं सांगितलेलें १४ वें कलम हें भाडेकरूसाठीं आहे. त्यांची स्थिति १८८२ च्या त्या गिरणी कामगारासारखी आहे. करारांत जें लिहिलें तेंच मालकाला बांधतें. गळती, नळ, विजेच्या तारा यांची दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करावयाची, हें सही करण्यापूर्वींच करारांत घालून घ्यावें. त्या कामगाराला असें मागण्याची ऐपत नव्हती. यांना बहुधा आहे.

वडिलांची ती वही अजून माझ्या कपाटांत आहे. तिच्यांतील पावत्यांची शाई उडत चालली असली तरी बेरीज वाचतां येते. दर वर्षीं वैशाखांत मी ती काढतों आणि चाळींतील कोणी विचारावयास आला तर दाखवितों. नोटीस द्यावयाची तर वैशाखांतच द्यावी. पंधरा दिवस जातात, सुतार मिळण्यास आठ दिवस जातात, आणि मृग लागल्यावर कौलांवर कोणी चढत नाहीं.